बेलआउट आधी ठरवा, डायल्युअंट मग

प्रश्न : मी मूळचा पुण्याचा, नोकरीनिमित्त मस्कतला असतो. गेल्या वर्षी सीसीआरवर (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा श्वासाला देणारा रीब्रीदर) ६० मीटरपर्यंतचा ट्रायमिक्स (ऑक्सिजन, हेलियम, नायट्रोजनचं मिश्रण) कोर्स पूर्ण केला. येत्या मोसमात मी आणि माझा बडी (जोडीदार डायव्हर) श्रीलंकेत बट्टिकलोआजवळ बुडालेल्या एचएमएस हर्मीस या ब्रिटिश विमानवाहू जहाजावर पाच दिवस डाइव्ह करणार आहोत. खोली ५३ मीटर, तळाशी २५ मिनिटं, रोज एकच डाइव्ह. हेलियम महाग आणि मोजकाच मिळणार. बडी म्हणतो, डायल्युअंट (रीब्रीदरमधला ऑक्सिजन पातळ करणारा गॅस) साधी हवाच घेऊ, पूर्वी सगळे हवेवरच जायचे. माझं म्हणणं, डायल्युअंट ट्रायमिक्स घेऊ आणि बेलआउट (रीब्रीदर बिघडला तर श्वासाला घ्यायचा वेगळा सिलिंडर) हवेचा ठेवू, कारण तो वापरायचा नसतोच. दोघांत मिळून ११ लिटरचे दोन सिलिंडर पुरतील ना? एक हवेचा, एक ५० टक्के ऑक्सिजनचा. कोर्समधला १०/५० (१० टक्के ऑक्सिजन, ५० टक्के हेलियम) माझ्या कॉम्प्युटरमध्ये अजून आहे, तोच मिक्स मागवू का? आणि सेटपॉइंट, म्हणजे रीब्रीदरने राखायचा ऑक्सिजनचा दाब, किती ठेवू?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुम्ही आधी हेलियमचं बिल पाहिलंत, मग डायल्युअंट ठरवलात आणि उरलंसुरलं बेलआउटच्या वाट्याला आलं. हा क्रम उलटा करा. ५३ मीटरवर रीब्रीदर निकामी झालाय आणि तुम्हाला धाप लागली आहे, असं धरून तिथून बोटीपर्यंतचा हिशेब मांडा. त्यातून जो गॅस निघेल तोच डायल्युअंटच्या छोट्या सिलिंडरात भरा.

‘बेलआउट वापरायचा नसतोच’ हे खरं, पण ज्या दिवशी तो तोंडात येतो त्या दिवशी तुम्ही शांतपणे श्वास घेत नसता. बेलआउटची वेळ आणणारं सगळ्यात वाईट कारण म्हणजे स्क्रबरमधून, म्हणजे सोडलेला श्वास चुन्याने शुद्ध करणाऱ्या डब्यातून, निसटलेला कार्बन डायऑक्साइड. चुना नीट ठोकून भरलेला नाही, ओ-रिंग बसलेली नाही, चुना संपत आलाय किंवा प्रवाहाविरुद्ध पाय मारून तुम्ही स्क्रबरच्या कुवतीबाहेर गेलात. पाण्यात उतरण्यापूर्वीच्या पाच मिनिटांच्या प्रीब्रीदमध्ये असा अर्धवट बिघाड कळेलच असं नाही. कळतो तो खाली, आणि तेव्हा दर मिनिटाला ४० लिटर किंवा त्याहून जास्त श्वास चालू असतो. अशा वेळी जड गॅस तोंडात आला तर तो फुफ्फुसांतून आतबाहेर ढकलण्यातच दम जातो आणि साठलेला कार्बन डायऑक्साइड उतरतच नाही. ओपन सर्किटवर, म्हणजे सोडलेला श्वास थेट पाण्यात जाणाऱ्या साध्या रेग्युलेटरवर, येऊनही माणूस सावरत नाही, त्याचं एक कारण हे असतं.

‘जड’ म्हणजे किती, त्याला आकडा आहे. गॅव्हिन अँथनी आणि सायमन मिचेल यांनी २०१६ मध्ये मांडलेली मर्यादा आज बहुतेक टेक्निकल डायव्हर पाळतात : श्वासातल्या गॅसची घनता शक्यतो लिटरला ५.२ ग्रॅमच्या आत, आणि काही झालं तरी ६.२ च्या वर नाही. साधी हवा पृष्ठभागावर लिटरला साधारण १.२९ ग्रॅम असते. ५३ मीटरवर एकूण दाब ६.३ बार, म्हणजे घनता ८.१. हवेचा हिशेब ५.२ ला ३० मीटरवरच संपतो आणि ६.२ ला ३८ मीटरवर. हर्मीस डाव्या कुशीवर पडलेली आहे आणि तिचा सगळ्यात उथळ भागही चाळिशीच्या खालीच लागतो. म्हणजे हवेवर या जहाजाला हात लावण्याजोगी जागाच उरत नाही.

बडीचा ‘पूर्वी’चा मुद्दा खोटा नाही. पूर्वी लोक याहून खोलही हवेवर जायचे, पण ते ओपन सर्किटवर. रीब्रीदरवर तोच गॅस तुम्हाला स्वतःच्या छातीच्या जोरावर चुन्यातून आणि होजेसमधून फिरवावा लागतो. शिवाय हवा डायल्युअंट म्हणून ५३ मीटरवर आणखी एका कामात नापास होते, आणि ते काम रोजचं आहे. लूपमधला (रीब्रीदरमध्ये श्वास फिरतो ते बंद वर्तुळ) पीओटू, म्हणजे ऑक्सिजनचा आंशिक दाब, संशयास्पद वाटला की आपण डायल्युअंटने फ्लश मारतो, म्हणजे तो सोडून लूप धुऊन काढतो. हवेचा पीओटू तिथे ०.२१ गुणिले ६.३, म्हणजे १.३२. तुमचा सेटपॉइंट १.३. फ्लश मारून आकडा खाली येणारच नाही. सोलेनॉइड (ऑक्सिजन सोडणारा विजेवरचा व्हॉल्व) उघडा अडकून ऑक्सिजन सुटत असेल तेव्हा लूप पातळ करायला तुमच्याकडे काहीच नाही, आणि सेल (ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) खरं बोलतोय की अडकलाय हेही कळायला मार्ग नाही.

आता मिक्स. तुमच्या डाइव्हला १८/४५ घ्या, म्हणजे १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम, उरलेला ३७ टक्के नायट्रोजन. ५३ मीटरवर सिलिंडरातल्या गॅसची घनता ५.०४ येते. लूपमध्ये सेटपॉइंट १.३ ला ती जराशी वाढून ५.१७, म्हणजे मर्यादेला नाक टेकलेलं पण आत. नशेच्या दृष्टीने ऑक्सिजनही धरला तर ही डाइव्ह साधारण २५ मीटरवरच्या हवेच्या डाइव्हसारखी वाटेल. फ्लशला आकडा १.१३ वर यायला हवा. हा आकडा स्लेटवर लिहून न्या. तिन्ही सेल १.१३ च्या आसपास आले तर ठीक. एक १.२८ वरच बसून राहिला तर त्याच्यावर भरवसा नाही आणि डाइव्ह तिथेच संपली. १५/५० घेतलात तर लूपमधली घनता ४.९६ वर येते आणि फ्लशचा आकडा ०.९४ पर्यंत उतरतो, म्हणजे फरक जास्त ठळक दिसतो. काही जण म्हणूनच तो पसंत करतात. पण १८ टक्क्यांचा गॅस बोटीवर, शिडीवर, अगदी लाटांत तोंडाला लागला तरी शुद्ध जात नाही, आणि माझ्या मते पाच दिवसांच्या दमलेल्या सहलीत ती सोय ०.२ च्या फरकाहून मोलाची आहे.

१०/५० मागवू नका. पृष्ठभागावर त्यात १० टक्केच ऑक्सिजन. ओपन सर्किटवर पीओटू ०.१८ व्हायला निदान ८ मीटर खोली लागते. ५३ मीटरला इतका कमी ऑक्सिजन लागत नाही. तो मिक्स याहून बऱ्याच खोल जाणाऱ्यांचा. इथे तो बेलआउट म्हणून घेतलात तर वर येताना डेको (अंगात मुरलेला गॅस निघून जावा म्हणून घ्यायचे थांबे) उगाच लांबवेल.

तुमची ‘डायल्युअंट ट्रायमिक्स, बेलआउट हवा’ ही जोडी ऐकायला तडजोडीची वाटते, पण ती बडीच्या सूचनेहूनही वाईट आहे. निदान त्याला खाली नशा सवयीने चढलेली असेल. तुम्ही लूपवर स्वच्छ डोक्याने पोहत असाल, नायट्रोजनचा दाब २.२६ बार असेल, आणि रेग्युलेटर तोंडात घेताच तो ४.९८ वर उडी मारेल. पहिल्या तीनचार श्वासांत ५३ मीटरची पूर्ण नशा, वर ८.१ ग्रॅमचा गॅस, वर कार्बन डायऑक्साइडची धाप. हेलियमवरून एवढ्या नायट्रोजनवर खोलीतच बदल केला की आतल्या कानाला डेकोचा त्रास होण्याची शक्यता असते ती वेगळीच. पाण्यात चक्कर आणि उलटी आली तर पुढचे सगळे हिशेब बाजूला राहतात.

आता सिलिंडरांचा हिशेब. तळाशी गोष्ट लक्षात येणं, रेग्युलेटर बदलणं, बडीला खूण, दोरी शोधणं यांना ३ मिनिटं धरा. मिनिटाला ४० लिटर गुणिले ६.३ बार, म्हणजे मिनिटाला २५२ लिटर. ११ लिटरच्या अॅल्युमिनियम सिलिंडरवर (खरी क्षमता ११.१) ही सुई दर मिनिटाला २३ बारने पडते. तीन मिनिटांत ७५६ लिटर गेले. मग ५३ वरून २१ मीटर, ९ मीटर प्रति मिनिट, ढोबळ ४ मिनिटं, सरासरी खोली ३७. श्वास अजून पूर्ण बसलेला नाही, म्हणून ३० लिटर धरा. ३० गुणिले ४.७ गुणिले ४, म्हणजे ५६४ लिटर. एकूण १,३२०. भरलेला सिलिंडर २०० बारला २,२२० लिटर. शेवटचे ३० बार हाताशी धरायचे नाहीत, म्हणजे वापरायला १,८८७. २१ मीटरवर पोचताना सुई ८० बारच्या आसपास असेल. हे पुरतं आणि थोडं उरतं. ‘हलका पडतो’ म्हणून ७ लिटरचा सिलिंडर घ्यायचा मोह होईल. त्यात हाच प्रवास १८९ बार खातो, म्हणजे २१ मीटरला तुम्ही ११ बारवर. नको.

पाठीवरचा ३ लिटरचा डायल्युअंट ‘पहिला बेलआउट’ म्हणून मोजणारेही आहेत. २०० बारला तो ६०० लिटर, आणि तोही सुरुवातीला. ४० लिटरच्या श्वासाने ५३ मीटरवर ही सव्वादोन मिनिटांची शिदोरी. तुमच्या माउथपीसमध्ये बीओव्ही (लूपवरून ओपन सर्किटवर नेणारा बेलआउट व्हॉल्व) असेल तर ती जरूर हवी, कारण कार्बन डायऑक्साइडची धाप लागली की एक श्वास रोखून तोंडातली वस्तू बदलणंही जमत नाही. बीओव्हीने फक्त एक खटका फिरवायचा असतो. पण ती ३ लिटरच्या सिलिंडरला जोडलेली असेल तर तिच्यावर फक्त पाचसहा श्वास घ्या, डोकं ताळ्यावर आणा आणि मोठ्या सिलिंडरच्या रेग्युलेटरवर जा. शक्य असेल तर बीओव्ही क्विक-कनेक्टने थेट ११ लिटरच्या १८/४५ ला जोडा. मग दुसरा बदल करावाच लागत नाही.

२१ मीटरपासून वर ५० टक्के. थांबे तुमच्या प्लॅनरमधूनच घ्या. खालचे आकडे टेबल नाहीत, गॅस मोजण्याची रीत दाखवायला धरलेले आहेत : २१ ला १ मिनिट, १८ ला २, १५ ला ३, १२ ला ४, ९ ला ६, ६ ला २२. प्रत्येक थांब्याची मिनिटं तिथल्या दाबाने गुणून बेरीज केली तर ७१.६ येते. मिनिटाला २० लिटर श्वास असेल तर १,४३२ लिटर, २५ असेल तर १,७९०. वापरायला आहेत १,८८७. म्हणजे एक पूर्ण ११ लिटरचा सिलिंडर एका माणसाला लागतो आणि जेमतेम पुरतो. ६ मीटरवर दहा मिनिटं वाढली आणि श्वास २५ वरच राहिला तर तो संपेल.

यावरून ‘दोघांत मिळून दोन’ या बेताचं काय होतं ते दिसेलच. माणशी दोन सिलिंडर : डाव्या बाजूला ११ लिटर १८/४५, आणि त्याच बाजूला किंवा उजवीकडे ११ लिटर ५० टक्के, जशी तुम्हाला सवय असेल तसं, पण पाचही दिवस एकाच जागी. बडीकडचे सिलिंडर दुसऱ्या बिघाडासाठी असतात. उदाहरणार्थ, तुम्ही बेलआउटवर आहात आणि २१ मीटरला तुमच्या ५० टक्क्यांचा रेग्युलेटर फ्री-फ्लो व्हायला, म्हणजे आपोआप गॅस सोडायला लागला. पहिलाच बिघाड बडीच्या भरवशावर सोडला तर हर्मीससारख्या उघड्या समुद्रातल्या डाइव्हवर, जिथे प्रवाह दोघांना दोन टोकांना नेऊ शकतो, तो सिलिंडर दिसतोय पण हाती लागत नाही अशी गत होते. शिवाय बोटीवाल्यांना सांगून ठेवा : ५० टक्क्यांचा आणखी एक ११ लिटर, रेग्युलेटर लावून, दोरीवर ६ ते ९ मीटरच्या दरम्यान टांगलेला हवा. वर मोजलेली दहा मिनिटांची तूट तोच भरून काढतो.

सिलिंडर लावण्याच्या दोनतीन गोष्टी. १८/४५ चा व्हॉल्व उघडा ठेवून उतरा. तो लागेल तेव्हा घाईतच लागेल. ५० टक्क्यांचा रेग्युलेटर चार्ज करून व्हॉल्व बंद ठेवा, आणि उतरताना मधेमधे एखादा फटका उघडून दाब भरा, नाहीतर बाहेरचा दाब वाढत जाऊन पाणी फर्स्ट स्टेजमध्ये (रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग) शिरतं. ५० टक्क्यांचा सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) सिलिंडरला रबराखाली दाबून ठेवा, गळ्यात नको. ५३ मीटरवर त्याचा पीओटू ३.१५ होतो, म्हणजे चुकून तोंडात गेला तर ऑक्सिजनच्या विषबाधेने आकडी येऊ शकते. सिलिंडरच्या मानेवर आणि अंगावर कमाल खोली मोठ्या अंकात : ‘५३’ आणि ‘२१’. विश्लेषणाची तारीख आणि सही छोट्या पट्टीवर. बदलताना क्रम एकच : खोली बघा, अंक वाचा, व्हॉल्व उघडा, होज हाताने शेवटपर्यंत चाचपा, बडीला दाखवा, मग तोंडात. आणि बेलआउटवर गेलात की माउथपीस बंद केल्याशिवाय सोडू नका. पाणी लूपमध्ये गेलं की तरंगण्याचा हिशेब बिघडतो. वर येताना काउंटरलंगमधला (लूपची श्वासाची पिशवी) गॅस फुगतो, तोही सोडत राहावा लागतो. पहिल्यांदा बेलआउट करणारे वर उसळतात ते बहुतेकदा यामुळेच.

कॉम्प्युटरमधून १०/५० आजच काढा, आणि कोर्सपासून उरलेला १०० टक्के ऑक्सिजनही. ओपन सर्किटच्या यादीत फक्त १८/४५ आणि ५० टक्के राहू द्या. ही बारीक गोष्ट वाटते, पण कॉम्प्युटर बेलआउटवरून पृष्ठभागावर पोचायचा वेळ दाखवताना यादीतले सगळे गॅस तुमच्याकडे आहेत असं गृहीत धरतो. नसलेला ऑक्सिजन ६ मीटरला धरून तो तुम्हाला खऱ्यापेक्षा कमी वेळ दाखवेल, आणि त्या आकड्यावर तुम्ही खाली पाच मिनिटं जास्त रेंगाळाल. बेलआउटवर जाताच कॉम्प्युटरही ओपन सर्किटवर टाकायचा, हे बोटीवर दोनदा हाताने करून बघा.

सेटपॉइंटवर फार डोकं खाऊ नका. उतरताना ०.७, तळाशी पोचल्यावर १.३. आधीच १.३ लावून भराभर खाली गेलात तर दाब वाढताना पीओटू उडी मारतो. १.३ ला एका डाइव्हची मान्य मर्यादा १८० मिनिटं, तुमची डाइव्ह सगळी मिळून तासा-सव्वातासाची.

आता हेलियमचं बिल, ज्यापासून हे सगळं सुरू झालं. ११ लिटरच्या एका १८/४५ मध्ये साधारण १,००० लिटर हेलियम जातो, ३ लिटरच्या डायल्युअंटमध्ये २७०. महाग वाटतो तो पहिला आकडा. पण बेलआउट वापरला गेला नाही तर तोच सिलिंडर पाचही दिवस चालतो. रोज दाब बघायचा, रेग्युलेटर तपासायला घेतलेल्या दोनचार श्वासांचे बार मोजायचे, १८० च्या खाली गेला तर भरायचा. रोज लागतो तो फक्त डायल्युअंट, आणि तोही सिलिंडर दर वेळी रिकामा होत नाही. बेलआउट हवेचा ठेवून वाचतो तो माणशी एकदाच भरलेला गॅस. एवढ्यासाठी बाकी सगळा जुगार.

भरणाऱ्याला हिशेब माहीत असेलच, तरी तुमच्याकडेही असू द्या : रिकाम्या सिलिंडरात २०० बारच्या १८/४५ साठी ९० बार हेलियम, १६ बार ऑक्सिजन, वर ९४ बार हवा. शुद्ध ऑक्सिजन जाणार म्हणून सिलिंडर आणि व्हॉल्व ऑक्सिजन-क्लीन हवेत. हेलियम दाबाच्या साध्या नियमाला जरा चुकवतो, त्यामुळे आकडे नेमके जुळतीलच असं नाही. भरल्यावर सिलिंडर थंड होऊ द्या, आडवा लोळवा आणि मग ऑक्सिजन व हेलियम दोन्ही मोजा. फक्त ऑक्सिजन मोजून १८ आला म्हणून हेलियम ४५ आहे असं होत नाही. तिथल्या उकाड्यात आणखी एक गंमत : कॉम्प्रेसरवर ५५ अंशांना तापलेला २०० बारचा सिलिंडर २८ अंशांच्या पाण्यात १८३ वर येतो. तुमच्या १,८८७ लिटरांतले जवळपास १९० तिथेच गेले. थंड झाल्यावर टॉप-अप मागा, लाजू नका.

आणि हेलियम ठरल्याइतका आलाच नाही तर? तर २१/३५ भरून घ्या आणि ४५ मीटरच्या खाली जाऊ नका. तिथे लूपची घनता ५.१२ आणि फ्लशचा आकडा १.१५, म्हणजे दोन्ही कसोट्यांत बसतो. ५३ मीटरला हाच मिक्स दोन्हीत नापास होतो, म्हणून ‘जरा खाली बघून येतो’ नाही. जहाजाची वरची कूस तेवढ्यात दिसते. ९ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी बुडवलेल्या या जहाजावर ३०७ माणसं गेली. त्यामुळे आत शिरण्याचा बेत तसाही करू नये.

तिकिटं काढण्यापूर्वी डाइव्ह सेंटरला तीन गोष्टी लेखी विचारा : हेलियम किती घनमीटर हातात आहे, बूस्टर पंप (गॅसचा दाब वाढवणारा) चालू आहे का, आणि जवळचा चालू स्थितीतला रिकम्प्रेशन चेंबर कुठे व बोटीवरून तिथे पोचायला किती तास. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘होईल व्यवस्था’ असं आलं तर २१/३५ चाच बेत पक्का धरा.